राजारामपुरीतील रविवारचा वर्ग : शिकवणी उत्तम, टिपणे सदोष

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका खासगी शिकवणी वर्गाने नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेच्या उमेदवारांसाठी, जनुकांचे नियमन करणारी प्रथिने पेशी केंद्रकाबाहेर कशी रोखून धरते, या एकाच विषयावर तीन रविवार तासिका घेतल्या. शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करताना माझा हा भाग कच्चा राहिला होता, म्हणून मी नाव नोंदवले.

पहिली तासिका तिन्हींत सरस होती. सरांनी पुठ्ठ्याच्या पट्टीवर पी-के-के-के-आर-के-व्ही ही अमिनो आम्लांची सात अक्षरे लिहिली. एसव्ही-४० विषाणूच्या प्रथिनात १९८४ साली ओळखला गेलेला हा केंद्रकात जाण्याचा पत्ता असून इम्पोर्टिन हे वाहक प्रथिन तो वाचून प्रथिनाला केंद्रकछिद्रातून आत नेते. मग एनएफ-कॅपा-बी या जनुके चालू करणाऱ्या प्रथिनाचे उदाहरण घेऊन त्यांनी त्या पत्त्यावर ‘आय-कॅपा-बी’ हे त्याला रोखणाऱ्या प्रथिनाचे नाव लिहिलेला निळा कागद चिमट्याने लावला आणि ‘‘आता इम्पोर्टिनला काय वाचता येईल?’’ असे विचारले. संदेश येताच त्या निळ्या कागदाला फॉस्फेट आणि पाठोपाठ युबिक्विटिन ही नष्ट करण्याची खूण जोडली जाते, हे सांगत त्यांनी तो टराटरा फाडून ‘प्रोटिअसोम’ (पेशीतील प्रथिने तोडणारे यंत्र) अशी चिठ्ठी लावलेल्या कचऱ्याच्या टोपलीत टाकला. मोकळे झालेले एनएफ-कॅपा-बी केंद्रकात जाऊन आय-कॅपा-बीचेच जनुक चालू करते, म्हणजे आपल्या पहारेकऱ्याची नवी भरती स्वतःच करते, हे ऐकताना मागच्या बाकावरची कुजबुजही थांबली.

मात्र एनएफ-कॅपा-बी आणि आय-कॅपा-बीचे जोडपे केंद्रकाबाहेरच्या पेशीद्रव्यात अडकून पडलेले असते, एवढ्यावरच सर थांबले. प्रत्यक्षात ते आत-बाहेर ये-जा करते आणि बाहेर पडण्याचा जोर अधिक असल्याने बाहेर दिसते. लेप्टोमायसिन-बी या रसायनाने केंद्रकातून होणारी निर्यात रोखली की ते केंद्रकात साचते. एम.एस्सी. झालेल्यांना हे सांगायला हवे होते.

दुसऱ्या रविवारी प्रतिकारशक्तीची जनुके चालू करणारे एनफॅट आणि तसेच जनुकांचे नियमन करणारे फॉक्सो ही प्रथिने शेजारी मांडल्याने माझा जुना गोंधळ मिटला. फॉस्फेट म्हणजे प्रवेशाचा परवाना, असे मी धरून चाललो होतो. पण या दोघांना तेच बाहेर ठेवते. कॅल्शियम वाढल्यावर कॅल्सिन्युरिन हे विकर फॉस्फेट काढते तेव्हा एनफॅट आत जाते, तर इन्सुलिनच्या संदेशानंतर एकेटी या विकराने फॉस्फेट जोडले की फॉक्सो बाहेर येते आणि १४-३-३ प्रथिने त्याला तिथेच धरून ठेवतात.

नेमक्या याच ठिकाणी छापील टिपणांनी घात केला आहे. पान ११ वर ‘कॅल्सिन्युरिन एनफॅटला फॉस्फेट जोडते’ असे छापले आहे. तसे असते, तर मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर दिल्या जाणाऱ्या सायक्लोस्पोरिन या औषधाने कॅल्सिन्युरिनला अडवून एनफॅटला उलट केंद्रकात ढकलले असते आणि प्रतिकारशक्ती दबण्याऐवजी भडकली असती.

तिसरी तासिका घाईत उरकली. पेशीतील आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलाला बांधलेले एसआरईबीपी हे प्रथिन कोलेस्टेरॉल घटल्यावर गॉल्जी या दुसऱ्या अंगकात जाऊन कापले जाते आणि त्याचा तुकडा केंद्रकात जायला मोकळा होतो, याला जेमतेम दहा मिनिटे मिळाली.

शुल्क वसूल झाले असे मी सरांच्या फळ्यापुरते म्हणेन. चूक दाखवल्यावर कार्यालयातील ताईंनी दुरुस्त पान पुढच्या रविवारी देण्याचे कबूल केले होते. ते शेवटपर्यंत न मिळाल्याने माझ्या प्रतीतील ‘जोडते’ खोडून मीच लाल शाईने ‘काढते’ असे लिहिले आहे.