250 केव्हीएचा गॅस जनरेटर: डिझेलच्या सवयीने घेतला तर फसाल

घोडबंदर रोडवरच्या टॉवरपासून रबाळे-महाप्याच्या शेडपर्यंत सध्या एकच विचारणा असते: जुना डीजी (डिझेल जनरेटर) काढून पाइप गॅसवरचा सेट बसवायचा का? काळा धूर नाही, डिझेलचे कॅन आणायची कटकट नाही, टाकीतून डिझेल 'उडत' नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सेल्सवाला इथेच थांबतो, म्हणून पुढचं लिहितोय. हा रिव्ह्यू 250 केव्हीएच्या, म्हणजे 200 किलोवॅटच्या, टर्बो लीन-बर्न (कमी गॅस, जास्त हवा जाळणाऱ्या) सेटचा आहे. कंपनी बदलली की कॅनोपीचा (सेटवरच्या आवाजरोधक पेटीचा) रंग आणि पॅनल बदलतं, मशीनचा स्वभाव तोच राहतो.

हा स्वभाव असा की याला लोड हप्त्याहप्त्याने द्यावा लागतो. डिझेल इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे अर्ध्याहून जास्त लोड एका दमात टाकला तरी ते सावरतं. इथे गॅस आणि हवा टर्बोच्या आधी मिसळतात आणि ते मिश्रण टर्बो, इंटरकूलर, थ्रॉटल ओलांडून आत पोचतं. वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरने थ्रॉटल (मिश्रणाची झडप) पूर्ण उघडला तरी टर्बो (हवा दाबून भरणारा पंखा) वेग घेईपर्यंत इंजिनला दम नसतो. तेवढ्यात फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झवरून घसरते आणि सेट अंडर-फ्रिक्वेन्सीवर ट्रिप होतो. मेंटेनन्सवाल्यांच्या भाषेत मशीन 'बसतं'. एका टप्प्यात 40 ते 50 किलोवॅट टाकायचे, आठ-दहा सेकंद थांबायचं, मग पुढचा टप्पा. एवढं पाळलं तर मशीन शांतपणे पूर्ण लोड घेतं आणि तासन् तास ओढतं.

सोसायट्यांमध्ये गडबड इथेच होते. लाइट गेली तेव्हा लिफ्ट, पाण्याचा पंप, कॉरिडॉरचे दिवे सगळं चालू होतं. चेंजओव्हर (लाइनवरून जनरेटरवर नेणारा स्विच) पडला की सगळं एकदमच मागणी करतं. 20 एचपीचा पंप डीओएल (मोटर थेट लाइनला जोडणाऱ्या) स्टार्टरवर असेल तर सुरू होताना पाच-सहा पट करंट घेतो. उपाय स्वस्त आहे: एएमएफ पॅनलमध्ये (वीज गेली की सेट आपोआप सुरू करणाऱ्या) टायमर घालून आधी दिवे, मग एकेक लिफ्ट, शेवटी पंप, आणि मोठ्या पंपाला हळूहळू वेग देणारा सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी. फायर पंप मात्र या सेटच्या भरवशावर ठेवू नका. त्याला स्वतःचं डिझेल इंजिन असतं, ते काढायला सांगणाऱ्या विक्रेत्याला चहा पाजून परत पाठवा.

दुसरा अर्धा प्रश्न पाइपाचा. किचनची लाइन 21 मिलीबारची आणि घरगुती मीटर ताशी 2.5 घनमीटरचा. हा सेट 75 टक्के लोडवर ताशी 44 घनमीटरच्या आसपास गॅस खातो, म्हणजे सतरा-अठरा घरांचे मीटर पूर्ण उघडल्यासारखं. स्वतंत्र कनेक्शन, स्वतंत्र मीटर, स्वतंत्र रेग्युलेटर लागणारच. गॅस कंपनीकडे अर्ज करताना फक्त केव्हीए लिहू नका. कमाल ताशी वापर आणि इंजिनच्या तोंडाशी लागणारं प्रेशर लिहा.

एक खोड जवळून बघण्यासारखी आहे. सेट बंद होताना इंजिनाचा गॅस तोडणारे विजेवरचे सोलेनॉइड व्हॉल्व्ह झटकन मिटतात. रेग्युलेटर आणि सोलेनॉइडमधला पाइप आखूड असेल तर अडकलेल्या गॅसचं प्रेशर क्षणात चढतं आणि जादा प्रेशरला गॅस तोडणारा स्लॅम-शट व्हॉल्व्ह पडतो. तो आपोआप उघडत नाही, हाताने रीसेट करावा लागतो. त्या वेळी कुणाला काही कळत नाही, कारण सेट बंदच व्हायचा होता. पुढच्या वेळी वीज जाते, स्टार्टर तीनदा फिरतो आणि पॅनलवर 'फेल टू स्टार्ट' येतं. मेकॅनिक बॅटरी तपासतो, प्लग काढतो, आणि दोष असतो बाहेर भिंतीवरच्या त्या छोट्या व्हॉल्व्हमध्ये. मधला पाइप लांब किंवा एक साइज मोठा घेतला की गॅसला फुगायला जागा मिळते आणि त्रास संपतो.

डीजी बेसमेंटमध्ये होता म्हणून हाही तिथेच, हे चालणार नाही. मिथेन हवेपेक्षा हलका, गळला तर छताशी साठतो. हवेत 5 टक्के झाला की पेट घेऊ शकतो. म्हणून सेट उघड्यावर ठेवायचा, कॅनोपीला वरून वायुवीजन हवं आणि गळती ओळखणारा डिटेक्टर छताजवळ. हवेपेक्षा जड असलेल्या एलपीजीच्या सवयीने तो जमिनीलगत लावलेला दिसतो; तिथे तो शोभेचाच.

देखभालीत तेलाकडे बघा. गॅस इंजिनला लो-ॲश (जळून कमी राख सोडणारं) तेल लागतं, सल्फेटेड ॲश साधारण अर्धा टक्का. स्टोअरमध्ये पडलेलं डिझेलचं 15डब्ल्यू-40 ओतलं तर त्याची राख पिस्टनवर आणि व्हॉल्व्हवर बसते, ती तापून वेळेआधी ठिणगीचं काम करते आणि नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून इंजिनात ठोके बसणं) सुरू होतं. शिवाय इथे काजळी नसल्याने तेल जुनं झालं तरी सोनेरीच दिसतं. रंगावर जाऊ नका; नायट्रेशनने (ज्वलनातल्या नायट्रोजन ऑक्साइडमुळे) ते आतून घट्ट होत असतं, तासांच्या हिशोबानेच बदला. प्लगची गॅप वाढली की मिसफायर होतो, न जळलेला गॅस सायलेन्सरमध्ये जमतो आणि मग जो बार उडतो त्याने अख्खी विंग गॅलरीत येते.

आता पैसे. एका घनमीटरला साधारण 3.4 युनिट, एका लिटर डिझेलला साडेतीन. गॅस 55 रुपये धरला तर इंधनाचा खर्च युनिटला 16 रुपये, डिझेल 90 धरलं तर जवळपास 26. डिझेलशी तुलना केली तर गॅस सरळ जिंकतो. महावितरणच्या विजेशी नाही, त्यामुळे 'रोज चालवा आणि बिल वाचवा' ही जाहिरात बाजूला ठेवा. महिन्याला दोन-तीन तास चालणाऱ्या सोसायटीत सेटची चढी किंमत कधीच वसूल होत नाही. तरीही 2023 पासूनच्या सीपीसीबी 4+ (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) नियमांमुळे या ताकदीच्या नव्या डिझेल सेटलाही धूर स्वच्छ करायला युरियाचं द्रावण लागतं, तेव्हा तोही पूर्वीसारखा बिनकटकटीचा राहिलेला नाही.

गणित पालटतं ते उष्णता वापरली तर. जॅकेटचं (इंजिन थंड करणारं) पाणी 85-90 अंशांचं, एक्झॉस्ट 450च्या वर. टीटीसीतल्या (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या) डाइंग युनिटने किंवा फार्मा प्लँटने त्यावर गरम पाणी केलं, किंवा व्हेपर ॲब्सॉर्प्शन चिलर (उष्णतेवर चालणारं थंडाव्याचं यंत्र) चालवला, तर इंधनातली 36 टक्क्यांऐवजी 80 टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कामी येते. हे काही नवीन नाही. उरणच्या बोकडविऱ्याचं महानिर्मितीचं वायू विद्युत केंद्र हेच मोठ्या प्रमाणावर करतं: 108 मेगावॅटच्या चार टर्बाइनच्या एक्झॉस्टवर 120 मेगावॅटचे दोन वाफेचे संच, म्हणजे 432च्या जागी 672 मेगावॅट, जादा गॅस न जाळता. पण त्याच केंद्राने गॅस अपुरा मिळाला म्हणून क्षमतेपेक्षा कमी वीज केल्याचे दिवसही पाहिलेत, आणि दाभोळचा वीज प्रकल्प गॅसअभावी ठप्प पडल्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा करारात पुरवठा तोडण्याच्या अटी आणि किमान वापराची रक्कम दोन्ही वाचा. हॉस्पिटल असेल तर जागेवर डिझेलची टाकी असलेला एक सेट ठेवाच.

डिझेल सेटवर बसवायचं ड्युअल-फ्युएल (डिझेलसोबत गॅसही जाळणारं) किट हा मधला मार्ग. मध्यम लोडवर 70 टक्क्यांपर्यंत डिझेल वाचतं, जास्त लोडवर नॉकिंग टाळायला गॅसचा वाटा कमी करावा लागतो. इंजिन वॉरंटीत असेल तर आधी इंजिन कंपनीचं लेखी घ्या.

आमचा कौल: रोज आठ-दहा तास स्थिर लोड आणि उष्णतेला गिऱ्हाईक असलेल्या कारखान्याला पाचपैकी साडेचार, नुसत्या स्टँडबायसाठी अडीच. ऑर्डर देताना एक ओळ घालून घ्या: अंतिम हप्ता साइटवरच्या चाचणीनंतर. लोड बँक (चाचणीसाठीचा कृत्रिम लोड) आणून 25 टक्क्यांच्या टप्प्यांनी पूर्ण लोडपर्यंत चढवा, तासभर चालवा, मग पूर्ण लोडवर असतानाच ब्रेकर पाडून सेट बंद करा आणि लगेच पुन्हा स्टार्ट द्या. स्लॅम-शटची खोड असेल तर ती याच स्टार्टला उघडी पडते.