पेठेतला वाडा: पाडून बांधावा, आहे तसा जपावा, की आतून नवा करावा?

पुण्याच्या पेठांमध्ये ज्यांच्या नावावर वाडा आहे किंवा वाड्यात वाटा आहे, त्यांच्यापुढे आज तीन रस्ते आहेत. बिल्डरला देऊन तिथे इमारत उभी करायची. आहे तसा दुरुस्त करून वापरायचा. किंवा लाकडी सांगाडा, चौक आणि दर्शनी भाग राखून आतली घरं आजच्या राहणीला जुळतील अशी नव्याने करायची. घरातली चर्चा बहुतेक वेळा पहिल्या दोन पर्यायांतच अडकते. एकाला आठवणी सोडवत नाहीत, दुसऱ्याला फ्लॅट हवा असतो, आणि तिसऱ्या पर्यायाचा हिशोब कुणी मांडतच नाही. माझं मत आधीच सांगते: सांगाडा धड असेल आणि भाडेकरूंशी तडजोड होण्यासारखी असेल, तर तिसरा रस्ता धरावा. सांगाडाच गेला असेल, तर पहिला धरावा आणि मनाला लावून घेऊ नये.

म्हणून ठरवायला बसायचं ते लाकूड तपासल्यावर. वाडा म्हणजे दगडी जोतं, त्यावर तळखडे म्हणजे खांबांच्या बैठकीचे दगड, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांच्या माथ्यावर आधाराचे लाकडी हस्त आणि तुळया, तुळयांवर कडीपाट म्हणजे कड्या आणि फळ्यांचं छत. बाहेरच्या जाड भिंती सोडल्या तर आतल्या बऱ्याच भिंती नुसता विटा-मातीचा भराव असतात. भार वाहतं ते लाकूड. त्यामुळे भिंतीला तडा गेला म्हणजे वाडा गेला असं नाही, आणि भिंत गुळगुळीत आहे म्हणजे वाडा ठणठणीत आहे असंही नाही. खरी पाहायची जागा म्हणजे तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक. चौकाकडून तीच तुळई काळीभोर, टणक दिसते. भिंतीलगतचा गिलावा चार बोटं खरवडून टोच्या मारा. टोच्या अडला तर लाकूड जिवंत आहे. सहज आत गेला आणि ओलसर भुसा बाहेर आला, तर ते टोक कुजलंय.

हे कुजणं वयामुळे आलेलं नसतं. मागच्या पिढीत कधीतरी चुन्याचा गिलावा काढून सिमेंटचा केलेला असतो. चुना ओल आत घेतो तशी बाहेरही सोडतो. सिमेंट ती भिंतीतच कोंडून ठेवतं, आणि तिथेच तुळईचं टोक बसलेलं असतं. त्यात रस्ता. डांबराचे थर एकावर एक चढत गेले, मग काँक्रीट आलं, आणि एके काळी दोन-तीन पायऱ्या चढून जायचं ते जोतं आज रस्त्याच्या पातळीला आलंय. पावसाचं पाणी सरळ ओसरीत शिरतं. नदीकाठच्या पेठांमध्ये १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या भिंती आहेत; पुरानंतर घाईने ज्यांना सिमेंट फासलं गेलं, त्या जास्त बारकाईने बघा.

कुजलेलं टोक कापून त्या जागी नवं सागवान सांधता येतं, लोखंडी पट्ट्यांनी जखडता येतं. दहात दोन टोकं गेली असतील तर ते सुताराचं काम आहे. निम्म्याहून जास्त गेली असतील, खांब तळखड्यावरून सरकले असतील, वाळवी वरच्या मजल्यापर्यंत चढली असेल, तर दुरुस्तीच्या नावाखाली तुम्ही सगळा वाडाच नव्याने बांधणार आहात. हा निवाडा लाकडी बांधकाम जाणणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या. महापालिकेच्या धोकादायक इमारतींच्या यादीत ‘सी-१’ म्हणजे रिकामी करून पाडण्याची आणि ‘सी-२’ म्हणजे दुरुस्तीची वर्गवारी. बिल्डरने आणलेल्या अहवालात ‘सी-१’ आलं असेल, तर स्वतःच्या पैशाने दुसरा अहवाल जरूर घ्या.

कायद्याचं उत्तर काही वेळा लाकडाच्याही आधी येतं. शनिवारवाडा हे केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या बदलानंतर अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. पहिल्या पट्ट्यात जुन्या घराची रीतसर परवानगी घेऊन दुरुस्ती करता येते. म्हणजे तिथल्या मालकाला पुनर्विकासाचा पर्यायच नाही, आणि त्या आशेवर वाडा वर्षानुवर्षं तसाच पडू देणं हा सगळ्यात वाईट सौदा आहे. महापालिकेच्या वारसा यादीत वाडा असेल तर श्रेणी पाहा. पहिल्या श्रेणीत आतही फारसं काही बदलता येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत आतल्या बदलांना वाव असतो. यादीतल्या वास्तूला न वापरता आलेल्या बांधकाम हक्कांचा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरायला विकता येणारा हक्क, मिळण्याची तरतूदही आहे. जीर्णोद्धाराला पैसा कुठून आणायचा, असं विचारणाऱ्यांनी हा कागद सगळ्यात आधी काढावा.

आता पाडून बांधण्याबद्दल. याची जमेची बाजू खरी आहे: लिफ्ट, स्वतःचं संडास-बाथरूम, भावंडांत सरळ वाटणी, भाडेकरूंना हक्काची जागा. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या पंचाहत्तरीच्या आजींना वाड्याचा तो भिंतीतला अरुंद, उभा जिना रोज चढायला लावणं हे वारसाप्रेम नव्हे. पण पेठेतले प्लॉट लहान आणि लांबट, दोन्ही बाजूंना शेजाऱ्याशी सामाईक भिंत. अशा जागेवर पार्किंग, जिना, लिफ्ट आणि मोकळी जागा वजा जाता जे फ्लॅट उरतात, त्यांच्या मधल्या खोल्यांना उजेड येतो तो डक्टमधून. वाड्यात हेच काम चौक करत होता, आणि हवा खेळवून उन्हाळ्यात घर गार ठेवण्याचं कामही. बिल्डरच्या नकाशात मधल्या खोलीची खिडकी कुठे उघडते ते बोट ठेवून विचारा. शेजारच्या दोन-तीन वाड्यांनी मिळून एकत्र योजना केली तर नकाशा पुष्कळ सुधारतो. पार्किंगचा आग्रहही आता जरा सैल करायला हरकत नाही: सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो कसबा पेठ आणि मंडईखालून धावते आहे.

करारात जुन्या लाकडाचं काय, हे लिहिलेलं असतंच असं नाही. लिहून घ्या. पाडकामाचा ठेकेदार खांब, तुळया, दारं सगळं उचलतो आणि शंभर-दीडशे वर्षं मुरलेलं ते सागवान फार्महाउसांत आणि हॉटेलांत जाऊन बसतं. तुमच्या देवघराची महिरप तुमच्या नव्या घरात यायला हवी. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष राजा दिनकर केळकर संग्रहालयात आणून पुन्हा मांडलेत, ते एकदा जाऊन पाहा. सुटं केलेलं काम नव्या जागेत किती मानाने उभं राहू शकतं ते तिथे कळतं. याउलट काँक्रीटच्या इमारतीला बाहेरून फायबरचे कमानीदार सज्जे चिकटवून तिला ‘वाडा’ म्हणणं मला मनापासून टोचतं. साधी, नीट बांधलेली नवी इमारत पेठेचा मान जास्त राखते.

आहे तसा जपण्याचा पर्याय कुणासाठी? विश्रामबागवाड्यात जा. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ मध्ये बांधलेला, सुरूच्या झाडासारखे कोरलेले खांब, वर केळफुलं. तिथलं काम मालक म्हणून महापालिका करू शकते, कारण तिथे कुणाला रात्री झोपायचं नाही, सकाळी अंघोळ करायची नाही. संस्था, ग्रंथालय, कचेरी, एकाच कुटुंबाच्या मालकीचा वाडा: इथे हा पर्याय उत्तम. वेळ मात्र लागतो. चुना आधी भिजवून मुरवायचा, सुरखी म्हणजे विटांची पूड, गूळ, बेलफळाचा गर घालून घोटायचा, गिलावा पातळ थरांत चढवायचा आणि प्रत्येक थर सावकाश वाळू द्यायचा. पावसाळ्यात हे काम उरकू नका. चुन्यात हात बसलेले गवंडी मोजके आहेत. ते मिळेपर्यंत थांबा, पण त्यांच्याऐवजी सिमेंटवाला लावू नका.

राहत्या कुटुंबांसाठी मला तिसरा पर्यायच सगळ्यांत पटतो, आणि त्याची किल्ली पाणी आहे. वाड्यांचं मोठं नुकसान वरच्या मजल्यावर कडीपाटावर काढलेल्या मोऱ्यांनी आणि संडासांनी केलंय. म्हणून ओलं सगळं, म्हणजे संडास, न्हाणी, स्वयंपाकाचा ओटा, मागच्या पडवीच्या जागी एका स्वतंत्र, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या उभ्या गाळ्यात न्यायचं. पोलादी सांगाडा, नवे नळ, नवं ड्रेनेज. जुन्या लाकडाला तो फक्त टेकलेला, अडकलेला नाही. जमलं तर लिफ्टही त्यातच. मग पुढच्या खोल्या कायम कोरड्या राहतात.

दुसरं काम जमिनीचं. वरच्या मजल्यावर पाटांवर मातीचा थर असतो, त्यावर कोबा, कोब्यावर कुणीतरी शहाबादी, त्यावर पुढच्याने सिरॅमिक टाइल. नुसती सहा इंच माती धरली तरी चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास जाते. हे थर उतरवून हलकी फळ्यांची जमीन केली की तुळयांचा जीव हलका होतो, आणि वर-खाली दोन-चार इंच उंचीही मिळते. वायरिंग भिंती खोदून न नेता उघड्या पाइपांतून न्या. कोनाडे, बळद (भिंतीतली धान्याची पोकळी) बुजवू नका, कपाटं तिथेच बसवा. अंधाऱ्या माजघरासाठी भिंत फोडण्यापेक्षा छपरातली काही कौलं काचेची करा. एसीचं बाहेरचं युनिट दर्शनी सज्जात नको.

असं होऊ शकतं हे पाहायचं तर अहमदाबादला जा. २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेलं ते भारतातलं पहिलं शहर. सिदी सय्यदच्या जाळीसमोरची मंगलदास घराण्याची १९२४ ची हवेली आज ‘हाउस ऑफ एमजी’ नावाचं हॉटेल आहे. जुने चौक, जुन्या फरशा, आणि पाहुण्यांच्या खोल्यांना हवं ते सगळं. पेठेतल्या वाड्याचा अर्धा भाग पाहुण्यांसाठी किंवा कचेऱ्यांना देऊन उरलेल्यात राहणं हा हिशोब इथेही मांडता येतो.

भाडेकरू मात्र तिन्ही रस्त्यांवर उभे आहेत. नाममात्र भाड्यात मालक दुरुस्ती करू शकत नाही, आणि वर्षानुवर्षं राहिलेला भाडेकरू लेखी हमीशिवाय हलणार नाही. दोघांचंही बरोबर आहे. सावित्रीबाई आणि जोतिराव फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा जिथे भरवली, तो भिडेवाडा दीर्घ न्यायालयीन वादानंतर डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडावा लागला. तोवर जपण्याजोगं फार थोडं उरलं होतं. तुमच्या वाड्यात वाद सुरू असेल तर निकालाची वाट बघत छप्पर गळू देऊ नका. मालक आणि भाडेकरूंनी मिळून कौलं परतण्याचा आणि पन्हळी साफ करण्याचा खर्च वाटून घ्या, तसं लिहून ठेवा. त्याने कुणाचा दावा कमकुवत होणार नाही असं एक वाक्य वकिलाकडून त्यात घालून घ्या, आणि हे मे महिना संपायच्या आत करा.