होमस्कूलिंग की ऑनलाइन शाळा? प्रश्न चौदा वर्षांच्या मुलाचा

सहावी-सातवीपर्यंत आई-बाबा घरी शिकवून निभावतात. खरी कसोटी नववीत लागते. बीजगणित येतं, प्रॅक्टिकल येतात, आणि मुलगा आईचं ऐकेनासा होतो!

होमस्कूलिंगमध्ये वेळ आपल्या हातात असतो. माझी भाची पहाटे दोन तास पोहते, नाश्ता करून झोपते आणि अकराला पुस्तक उघडते. दहावीसाठी तिने एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यालय मंडळ, घेतलंय. तिथे दहावीच्या प्रवेशाला १४ वर्षं पूर्ण लागतात, पण सगळे विषय एका दमात द्यावे लागत नाहीत. नोंदणी ५ वर्षं चालते, त्यात ९ संधी. तिने आधी दोनच विषय दिले. राज्य मंडळाचीच दहावी हवी असेल तर बाहेरून परीक्षा देण्याचा १७ नंबरचा फॉर्म आहेच. पण फॉर्म, तारखा, असाइनमेंट सगळं पालकाच्या डोक्यावर.

ऑनलाइन शाळेत ते ओझं कमी. वेळापत्रक, शिक्षक, गृहपाठ तयार मिळतो, त्यामुळे दोघं नोकरी करणाऱ्या घराला हेच झेपतं. पण आठला लॉगिन म्हणजे आठला. शिवाय कॅमेरा बंद करून गेम खेळणारी मुलं मी पाहिलीत. फी भरण्याआधी एकच विचारा: दहावीची परीक्षा कोणत्या मंडळाची? कारण कित्येक ऑनलाइन शाळा शेवटी एनआयओएसलाच बसवतात.

स्वतःहून पुस्तक उघडणारं मूल असेल तर मी घरीच ठेवीन. ढकलावं लागत असेल तर ऑनलाइन. मित्रांसाठी मात्र दोन्हीकडे संध्याकाळचं मैदान शोधावंच लागतं.