लसूणघास वाळवायला आधी काय घ्यावं: मोअर, कंडिशनर, टेडर की रेक?

एक टन वाळला लसूणघास हाती यायला रानातून साधारण सव्वाचार टन हिरवा कापावा लागतो. कापताना त्यात 80 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, गंजीला लावताना ते 15 टक्क्यांवर आलेलं हवं. म्हणजे मधलं सव्वातीन हजार लिटर पाणी दोन-तीन दिवसांत उडालं पाहिजे, आणि तेही पाला देठाला धरून असताना. निम्म्याहून जास्त प्रथिनं पाल्यातच असतात. पाला रानात झडला तर म्हशीच्या पुढ्यात काड्याच पडतात. यासाठीची यंत्रं चार: मोअर घास कापतो, कंडिशनर देठ चिरडतो, टेडर घास पसरतो आणि रेक त्याची ओळ लावतो.

कोल्हापूरच्या पट्ट्यात फेब्रुवारी ते मे ऊन भरपूर असतं. अडचण अशी की पाला दुपारपर्यंत पापडासारखा कडक होतो आणि देठ आतून ओलाच राहतो. देठ ओला दिसतो म्हणून भर दुपारी वैरण उलटली जाते, आणि तिथंच पाल्याचा चुरा होतो. नोव्हेंबर-डिसेंबरात उलट तऱ्हा: दव पडतं, सकाळचे दोन-तीन तास वाया जातात. पावसाळ्याचा इथं विचारच करू नका. जून ते सप्टेंबर कुठलंही यंत्र आणलं तरी रानात वैरण वाळत नाही, त्या दिवसांत मुरघास करा.

कापणी: सिकल-बार की ड्रम

सिकल-बार म्हणजे कात्रीसारखं पुढं-मागं चालणारं पातं. 20-25 एचपीचा मिनी ट्रॅक्टर त्याला पुरतो. काप स्वच्छ होतो, आणि वाळवण्याच्या दृष्टीनं मोठा फायदा म्हणजे कापलेला घास जागेवरच सपाट, पूर्ण रुंदीत पडतो. तोटा देखभालीचा. पाती बोथट झाली की देठ कापायच्या ऐवजी ओढला जातो आणि बार तुंबतो. बारची बोटं, म्हणजे पातं ज्यांतून सरकतं ते टोकदार दात, वाकली तरी तेच. पात्याचा फेरा संपतो तिथं पात्याचा मध्य बोटाच्या मध्यावर यायला हवा. तो सरकलेला असेल तर धार लावूनही काप सुधारत नाही.

ड्रम मोअर म्हणजे बुडाला पाती लावलेले, गरगर फिरणारे ड्रम. त्याला ही कटकट नाही. आडवा पडलेला घास, दाट कापणी, सगळं तो वेगानं घेतो. दोन ड्रमच्या यंत्राला 35-40 एचपी धरा. पण तो कापलेलं दोन ड्रमच्या मधून जाड ओळीत टाकतो. ती ओळ तशीच राहिली तर वरचा थर वाळतो आणि खालचा पिवळा पडतो. म्हणून ड्रम घेणाऱ्यानं पसरण्याची सोय त्याच दिवशी करावी. टेडर नाहीतर चार माणसं आणि दाताळी. पाती बदलायची ती सगळी एकदम. एकच नवं टाकलं की तोल जातो, थरथर वाढते आणि बेअरिंगचा खर्च येतो.

यंत्र कुठलंही असो, आपल्याकडची खरी अडचण वाफ्यांची आहे. लसूणघास वाफ्यात, पाटाच्या पाण्यावर असतो आणि दर काही फुटांवर वरंबा. कटरबार वरंब्यावरून गेला की माती खरवडतो, ती माती वैरणीत मिसळते आणि पातीही खराब होतात. यंत्रानं कापायचं असेल तर पेरतानाच वाफे लांब, मोअरच्या रुंदीच्या पटीत आखा आणि वरंबे बुटके ठेवा, किंवा तुषार सिंचन बसवा. कापणीच्या चार-पाच दिवस आधी पाणी तोडा. ओल्या जमिनीवर पसरलेल्या घासाला खालूनही ओल लागते. कापाची उंची 7-8 सेंमी ठेवा. खोडकांवर घास उचललेला राहतो, खालून वारा फिरतो आणि फूटही लवकर येते.

कंडिशनर: घ्यावा का?

देठ आणि पाला एकाच सुमारास वाळावेत हे काम फक्त कंडिशनर करतो. दोन रबरी किंवा पोलादी रोलरमधून देठ चिरडला जातो, त्याची साल फुटते आणि पाणी निघायला वाट मिळते. लसूणघासाला रोलरचाच कंडिशनर हवा. फटके मारणारा, दातांचा प्रकार पातळ गवताच्या सालीवरचं मेण खरवडण्यासाठी असतो. तो लसूणघासाचा पाला झोडपून काढतो.

सेटिंगची परीक्षा रानातच होते. रोलरमधून गेलेले मूठभर देठ उचला. दहातल्या नऊ देठांना भेग किंवा मोड दिसली पाहिजे. पाला काळसर, चुरगळलेला फार दिसला तर रोलर जास्त आवळलेत. फट मोजायची असेल तर इंजिन बंद, चावी खिशात. मग स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळून रोलरच्या मध्ये धरा, रोलर हातानं फिरवून ती बाहेर काढा आणि चेपलेली जाडी मोजा. साधारण 2 मिमीच्या आसपास असावी. दोन्ही टोकांना आणि मध्ये तीनदा मोजा. रोलर एका बाजूनं झिजला असेल तर इथंच कळतं.

मोअर-कंडिशनर जोडयंत्र मात्र या सगळ्यांत महाग आणि जड. 35 एचपीच्या ट्रॅक्टरवर ते ओढण्याचा हट्ट धरू नये. एका कापणीला चार-पाच एकरांपेक्षा कमी लसूणघास असेल तर आमच्या मते ते परवडत नाही. चार शेजाऱ्यांनी मिळून घेतलं किंवा भाड्यावर फिरवलं तर वेगळी गोष्ट. शाहूवाडी-पन्हाळ्याच्या डोंगरगवतासाठी तर कंडिशनरची गरजच नाही, बारीक काडी आपोआप वाळते. तिथल्या उतारावर ट्रॅक्टरपेक्षा ब्रश कटर बरा.

टेडर आणि रेक

टेडर घास उधळून पसरतो. त्याची वेळ पाळली तर लसूणघासाला चालतो, चुकली तर सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. पहिली पसरणी कापल्यावर लगेच, पाला लवचिक असताना. दुसरी लागलीच तर दुसऱ्या दिवशी सकाळी, दव पूर्ण उडायच्या आत. पाला मुठीत कुरकुरला की टेडर उभा करायचा. पीटीओचा (ट्रॅक्टरच्या मागच्या, यंत्र फिरवणाऱ्या दांड्याचा) वेग नेहमीपेक्षा कमी ठेवा. दात जमिनीपासून 2-3 सेंमी वर. खाली गेले की माती आणि खडे उडतात.

ओळ लावायला दोन प्रकार. फिंगर-व्हील रेक जमिनीवर घासून फिरतो, पीटीओ लागत नाही, स्वस्त आहे. पण तो घासाचा दोरखंडासारखा पीळ करतो, सोबत माती-दगड ओढतो, आणि पिळाच्या आत वारा जात नाही. रोटरी रेक महाग, पण घास उचलून सैल ओळ टाकतो, पाला कमी झडतो. पैसा एकदाच घालायचा तर आम्ही रोटरी रेकमध्ये घालू, मोअर साधा असला तरी चालेल. ओळ सकाळी, पाल्याला किंचित ओल असताना लावावी. डोंगरगवताला किंवा भाताच्या पिंजराला व्हील रेकनं काही बिघडत नाही.

रान किती, त्यावर

दहा-वीस गुंठ्यांना यातलं काहीच घेऊ नका. विळा किंवा ब्रश कटर, आणि कळकाच्या तिवया. कोमेजलेला घास तिवईवर सैल टाकला की खालून वारा लागतो, उलटावा लागत नाही आणि पाला टिकतो. एक ते तीन एकरांना सिकल-बार आणि रोटरी रेक, बेलर (गठ्ठी बांधणारं यंत्र) भाड्यानं. त्यापुढे ड्रम मोअर व टेडर, आणि जमलं तर सामायिक कंडिशनर.

बेलरला घाई करू नये. देठ घेऊन नखानं खरवडा. साल सोलून निघत असेल तर अजून थांबा. 18 टक्क्यांपेक्षा जास्त ओल असताना बांधलेली गठ्ठी आतून तापते आणि बुरशी धरते. रचल्यावर दोन-तीन आठवडे मधल्या गठ्ठीत लोखंडी सळी खुपसून ठेवा आणि रोज काढून बघा. हातात धरवेना इतकी तापली तर थप्पी मोडून गठ्ठ्या उघड्यावर सुट्या मांडा.