१ टक्का दलाली दिली, त्याचा पहिल्या उन्हाळ्यानंतरचा हिशेब

रेरा (बांधकाम प्रकल्प आणि एजंटांची सरकारी नोंदणी), कार्पेट एरिया, सर्च रिपोर्ट हे छत्रपती संभाजीनगरात घर शोधणाऱ्या प्रत्येकाला आता पाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही. मला एजंटाबद्दल लिहायचंय, आणि मे महिना काढल्यावरच लिहायचं ठरवलं होतं. मेमध्ये आमच्या सोसायटीचं बोअर आटलं, टँकरची जादा वर्गणी निघाली. समोरच्या फ्लॅटमधलं नवं बिऱ्हाड सेक्रेटरींशी भांडलं, "आम्हाला घेताना कुणी सांगितलंच नाही." मला माझ्या एजंटांनी सांगितलं होतं, अंदाजे आकड्यासकट.

आधीचा एजंट देवळाईकडं रो-हाऊस दाखवायचा. पाण्याचं विचारलं की ठरलेलं उत्तर, "पाण्याचं काहीच टेन्शन नाही सर, बोअर फुल्ल आहे." त्यातलं एक घर गुंठेवारीतलं (विनापरवाना पाडलेल्या छोट्या प्लॉटवरचं), व्यवहार शंभराच्या बॉण्डवर. "इकडं सगळे असंच घेतात." बॉण्डवर मालकी येत नाही, त्याला नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. २०२० अखेरपर्यंतची बांधकामं शुल्क भरून नियमित करण्याची सोय आहे, म्हणून प्रमाणपत्र मागितलं, तर त्याने फोन उचलणंच बंद केलं.

दुसरे एजंट ओळखीतून मिळाले. सुरुवातीला मला ते पटले नव्हते. रविवारी जेमतेम एक-दोन घरं दाखवायचे आणि दलाली १ टक्का, त्यात एक रुपया कमी नाही. बाकीचे निम्म्यावर तयार असताना ३८ लाखांच्या फ्लॅटवर ३८ हजार द्यायचे, हे फार जिवावर आलं.

मत बदललं ते हौदापाशी. फ्लॅटमध्ये शिरायच्या आधी त्यांनी वॉचमनला खालच्या हौदाचं झाकण उघडायला लावलं, वाकून आत टॉर्च मारला, किती लिटरचा आहे ते विचारलं. मग म्हणाले, "टँकरची वही आणा." मालकांचा चेहरा पडला. वहीत मागच्या एप्रिल-मेची पानं गच्च भरलेली: तारीख, टँकर किती लिटरचा, वॉचमनची सही, काही तारखांना दोन-दोन नोंदी. मालक मेंटेनन्सचा सांगत होते तो आकडा पावसाळ्यापुरताच खरा होता. त्याच वहीवर बोट ठेवून भाव खाली आणला, मगच इसार दिला.

ही वही मला सगळ्या कागदांपेक्षा मोठी वाटते. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, बीड बायपासपलीकडं सातारा-देवळाईत तर बोअर आणि टँकरवरच भिस्त. दिवाळीनंतर घर बघायला गेलात तर कुठलंही बोअर चालूच दिसणार. एजंट स्वतःहून वही मागत नसेल, तर तुम्ही मागा आणि त्याचं तोंड बघा.

दलालीबद्दलचं मतही बदललं. खरेदीखत एकट्या बायकोच्या नावावर करा, हे त्यांनीच सुचवलं. महिलेला घराच्या मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, नवऱ्याचं जोडनाव लावलं की ती जाते. म्हणजे ३८ हजार तिथंच वाचले.

एजंटाच्या पाटीवरचा रेरा नंबर जरूर तपासा, पण त्यावर विसंबू नका. ती नोंदणी रेरातल्या प्रकल्पांसाठी असते, जुन्या फ्लॅटच्या फेरविक्रीला तिचा आधार नाही. नव्या स्कीममध्ये मात्र एजंटाला एक प्रश्न आधी विचारा: तुम्हाला पैसे बिल्डर देतो की मी? बिल्डरकडून मिळत असतील तर तो त्याच बिल्डरची घरं दाखवणार.

तक्रार एकच. लाईट बिल आणि घरपट्टीवर नाव लावून देतो म्हणाले होते, दलाली पोचल्यावर त्यांच्या फोनची वाट बघत बसलो. शेवटी महावितरण आणि मनपाच्या झोन ऑफिसला मीच खेटे घातले. त्याचा या रिव्ह्यूत एक स्टार कापलाय, तो परत देणार नाही. पुढच्या घेणाऱ्याने दलालीतले निदान पाच हजार दोन्हीकडं नाव लागेपर्यंत हातात ठेवावेत, आणि हे इसारपावतीच्या वेळीच लिहून घ्यावं.