ब्राउझरच्या ‘हेल्पलाइन’ला फोन लावला, त्या रात्रीची हकिगत

मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची शेवटची तारीख होती. माहिती भरून झाली होती, कागदपत्रं चढवून झाली होती, फक्त पावती उघडेना. बटण दाबलं की पान जागचं हलायचं नाही. पत्त्याच्या पट्टीत उजव्या टोकाला एक बारीक चिन्ह यायचं, ‘पॉप-अप ब्लॉक केले’ एवढं क्षणभर दिसायचं आणि शब्द गायब. पॉप-अप म्हणजे पानातून वेगळी उघडणारी खिडकी. महिनाभरापूर्वी मीच या लॅपटॉपवर जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, टाकलं होतं. मुलगी अभ्यासाला बसली की समोर नको ती चित्रं यायची, म्हणून. आता तेच आडवं आलं असणार, असं वाटलं. मी ते बंद केलं, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, तरी पावती येईना. बायको म्हणाली, “अहो, सकाळी कॉलेजात जाऊन विचारा की.” पण बाराला मुदत संपणार होती आणि माझा जीव खालीवर होत होता.

मी ब्राउझरचं नाव, ‘पॉप-अप ब्लॉक’ आणि ‘हेल्पलाइन नंबर’ असं टाकून शोधलं. सगळ्यात वर एक नंबर आला. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलं होतं, म्हणजे पैसे भरून लावलेली जाहिरात. ते मी दुसऱ्या दिवशी पाहिलं.

फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला. माणूस स्वच्छ मराठी बोलत होता, साहेब साहेब करत होता. मुलीचं शिक्षण म्हटल्यावर म्हणाला, “काळजी करू नका, अर्ज आज जाणारच.” त्या वाक्यानं मी सैलावलो. मग त्यानं स्क्रीन दाखवण्याचं एक अ‍ॅप उतरवायला लावलं आणि त्यात आलेला आकडा विचारून घेतला. माझ्या लॅपटॉपवरचा बाण माझा हात नसताना फिरायला लागला.

पुढची वीस मिनिटं सविस्तर सांगतो, कारण फसवणूक इथेच घडते. त्यानं विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे संगणक स्वतःच्या घडामोडी टिपतो ती वही, उघडलं. लाल आणि पिवळ्या खुणांची लांबच लांब यादी. “हे सगळे व्हायरस, म्हणून ब्राउझर पानं अडवतोय.” मग काळी खिडकी उघडून नेटस्टॅट ही चालू जोडण्यांची यादी दाखवणारी आज्ञा दिली. आकड्यांच्या रांगा आल्या, वर एका रकान्यावर ‘फॉरेन अ‍ॅड्रेस’. “बघा साहेब, परदेशातून कोणीतरी तुमच्या लॅपटॉपला जोडलंय.” माझे हातपाय गार पडले. अशा लाल-पिवळ्या नोंदी धडधाकट विंडोजच्या संगणकातही असतातच. आणि तिथे ‘फॉरेन’ म्हणजे जोडणीचं समोरचं टोक, मग ते शेजारच्या खोलीत का असेना. हे मला आता कळतं.

२,९९९ रुपयांत कायमचा फिल्टर बसवून देतो म्हणाला. मी कार्डाचा नंबर टाकला, त्याच्या डोळ्यांसमोर. फोनही त्याच वाय-फायवर आहे, तोही तपासायला हवा, असं सांगून तेच अ‍ॅप त्यानं फोनवर घ्यायला लावलं. त्यानंतर बँकेचा प्रत्येक ओटीपी मला दिसायचा तसा त्यालाही दिसत होता. ‘स्कॅनिंग चालू आहे’ म्हणून लॅपटॉपची स्क्रीन काळी झाली. तेवढ्या वेळात आधी ४९,९९९ आणि मग २४,५०० गेले. आधीचे २,९९९ धरून ७७,४९८ रुपये. एसएमएस वाचून मी ओरडलो तेव्हा फोन कटला होता.

मुलीनं धावत जाऊन राउटरचा प्लगच उपटला. ती तेवढं सुचून वागली नसती तर खात्यात उरलेलेही राहिले नसते. बायकोच्या फोनवरून १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला, कार्ड बंद केलं आणि रात्रीच सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवली. शेवटचे २४,५०० पुढच्या खात्यात गोठवता आले आणि काही महिन्यांनी परत मिळाले. बाकीचे ५२,९९८ गेले. बँकेत रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक दाखवलं. ग्राहकाकडून गुप्त माहिती बाहेर गेली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच, असा नियम. म्हणून सांगतो, लाजेनं तासभरही थांबू नका. मी भावाला सांगायला चार दिवस लावले, पण १९३० ला लगेच लावला, त्यामुळे थोडे तरी वाचले.

रविवारी पुतण्या आला. क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या यादीत सगळ्यात खाली ‘तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित’ अशी ओळ त्यानं दाखवली. “काका, हा घरचा लॅपटॉप. संस्था कुठली?” त्या माणसानं आत एक धोरण, म्हणजे कार्यालयं आपल्या संगणकांवरच्या ब्राउझरला घालून देतात तसा नियम, घालून स्वतःचं एक्स्टेन्शन बसवलं होतं, ज्याला काढून टाकायचं बटणच चालत नव्हतं. वर नोटिफिकेशनची परवानगी कुठल्या कुठल्या साइटना देऊन ठेवलेली. कोपऱ्यात सारखे ‘व्हायरस सापडला’ असे इशारे येत होते ते त्यातूनच. पुतण्यानं मुलीच्या फायली बाजूला काढून विंडोज नव्यानंच टाकली. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले.

मग त्यानं मूळ दुखणं पाहिलं. आधी गुप्त (इन्कॉग्निटो) खिडकी उघडून बघायची, म्हणाला, कारण तिथे आपण मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेन्शन चालत नाहीत. तिथे पान नीट चाललं तर दोष एक्स्टेन्शनचा. तिथेही अडलं तर बहुधा ब्राउझरची स्वतःची सेटिंग: गोपनीयता आणि सुरक्षितता, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात पॉप-अप. आमचं तिथेही अडलं. त्यानं पट्टीतल्या त्या बारीक चिन्हावर क्लिक केलं आणि फक्त त्या एका साइटला परवानगी दिली. सगळ्यांना कधीच द्यायची नाही, हे दोनदा बजावलं. आणि हेही की फुकट मिळणाऱ्या ब्राउझरसाठी फोनवर मदत देणारी खिडकी नसते. तसा नंबर दिसला की तो चोराचाच धरायचा.

पावती उघडली. अर्ज दाखल झाल्याची वेळ तिच्यावर छापलेली होती: रात्री ८ वाजून २१ मिनिटं. मी त्या माणसाला फोन लावला तो ८ वाजून ४० मिनिटांनी.