हृदयाच्या इमेजिंगसाठी सभासद कुठे व्हायचं: एससीसीटी की एससीएमआर?

परळला रेडिओलॉजीची रेसिडेन्सी संपत आलेल्या मैत्रिणीला हृदयाच्याच इमेजिंगमध्ये जायचंय, पण दोन्ही संस्थांची फी परवडणार नाही म्हणते.

एससीएमआर (सोसायटी फॉर कार्डिओव्हॅस्क्युलर मॅग्नेटिक रेझोनन्स) 1994 ची, कार्डियाक म्हणजे हृदयाच्या एमआरआयवाल्यांची. एससीसीटी (सोसायटी ऑफ कार्डिओव्हॅस्क्युलर कॉम्प्युटेड टोमोग्राफी) 2005 ची, हृदयाच्या सीटीवाल्यांची. फी दोन्हीकडे डॉलरमध्येच, त्यावर डोकं खाजवण्यात अर्थ नाही.

खरा फरक रोजच्या कामात. एससीसीटीकडून शिकलेलं लगेच रिपोर्टमध्ये उतरतं. कॉरोनरी, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी धमनी, किती अरुंद झालीय ते कॅड-रॅड्स या रिपोर्ट लिहिण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या 0 ते 5 श्रेणीत लिहिलं की कार्डिओलॉजिस्टला पुढचं पाऊल कळतं. 2016 ची ही पद्धत 2022 मध्ये सुधारली, त्यात एससीसीटीचा मोठा वाटा.

एमआरआयला मेहनत जास्त. पेशंट पाऊण तास मशीनमध्ये, आणि आपण बाहेरून "श्वास सोडा, थांबा" म्हणत राहायचं. पण मायोकार्डायटिस (हृदयाच्या स्नायूची सूज) किंवा स्नायूतला व्रण दाखवण्यात त्याला तोड नाही. शिवाय एससीएमआरचं जर्नल सभासद नसतानाही वाचता येतं!

डायग्नोस्टिक सेंटरला सीटी करणार असशील तर एससीसीटी घे. कार्डियाक एमआरआय नियमित होणाऱ्या मोठ्या रुग्णालयात जाणार असशील तर एससीएमआर. रुग्णालय मोठं असूनही महिन्याला अशा दोन-चारच केसेस येत असतील, तर तूर्त जर्नल फुकट वाच.